रस्त्यावरची बाजू आणि दाव्यातली बाजू



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातले रस्ते चार दिवसांत ओळखू येईनासे होतात. एरवी मोकळा असणारा रस्ता उसाचे ट्रक, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांनी भरून जातो. त्याच रस्त्याने आपला पोरगा कॉलेजला जातो, डेअरीचे दूध जाते, आणि आपणही मोटारसायकलला किक मारून फडाकडे नाही तर तालुक्याला जातो. अपघात झाला की घरावर दोन घाव बसतात. पहिला दुखापतीचा किंवा माणूस गेल्याचा. दुसरा पुढे केव्हा तरी, दाव्याचा निकाल लागतो तेव्हा. 'मोटारसायकलस्वाराचाही दोष होता' एवढ्या एका वाक्याने भरपाईतला पाव, तिसरा, कधी निम्मा हिस्सा कापला जातो.

ही कपात कशावरून होते, कशावरून होऊ शकत नाही आणि ती टाळायची तर काय करावे, हे या लेखात आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत. वकिलाचे काम वकीलच करील. पण वकिलाकडे जाण्याआधीच अर्धा दावा जिंकलेला किंवा हरलेला असतो, म्हणून प्रत्येक सभासदाने एवढे तरी जाणून घ्यावे.

रस्त्यावर कसे चालावे: कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ११८ खाली वाहन चालवण्याचे नियम केलेले आहेत. पहिले १९८९ सालचे होते, त्यांच्या जागी २०१७ साली नवे आले. मोटारसायकल अरुंद असते, म्हणून तिला निराळा कायदा असेल असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. कायद्याच्या लेखी फटफटी हेही मोटार वाहनच आहे. म्हणजे रस्त्यावर तिचा हक्क मोटारीएवढा, आणि बंधनही मोटारीएवढेच. त्यातल्या आपल्या उपयोगाच्या गोष्टी अशा:

१. शक्य तितके डाव्या बाजूने चालावे. समोरून येणाऱ्याला आपल्या उजवीकडून जाऊ द्यावे.

२. रस्त्यावर लेनचे पट्टे आखलेले असतील तर आपल्या लेनमध्येच राहावे. लेन बदलायची तर आधी इशारा द्यावा. मध्यावरची अखंड पट्टी ओलांडू नये.

३. पुढच्या वाहनाला उजवीकडून मागे टाकावे. डावीकडून जाण्याची मोकळीक अपवादानेच आहे. उदाहरणार्थ, पुढच्याने उजवीकडे वळण्याचा इशारा देऊन गाडी मध्यावर घेतली असेल तर. वळणावर, चढाच्या माथ्यावर, अरुंद पुलावर, चौकात, आणि पुढचे वाहन स्वतःच दुसऱ्याला मागे टाकत असताना ओव्हरटेक करू नये.

४. पुढचे वाहन अचानक थांबले तरी आपण थांबू शकू एवढे अंतर ठेवावे.

५. शेतरस्त्यावरून किंवा फाट्यावरून मुख्य रस्त्याला लागताना मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यावे.

६. वाहन धोकादायक रीतीने रस्त्यात उभे करू नये. हे कलम १२२ मध्येच आहे. हे मोटारसायकलवाल्यापेक्षा आपल्या ट्रॉलीवाल्यांनी पाठ करण्यासारखे आहे.

यातले तिसरे आणि चौथे कलम हंगामात रोज मोडले जाते. ट्रॉली हळू चाललेली असते, उजवीकडून समोरची वाहतूक असते, म्हणून मोटारसायकलवाला डाव्या साईडपट्टीवरून नाही तर दोन वाहनांच्या फटीतून काढतो. ट्रॉलीवाल्याला डावीकडचा माणूस दिसत नाही. तो खड्डा चुकवायला जरा डावीकडे घेतो आणि व्हायचे ते होते. अशा वेळी ट्रॉलीवाल्याचा दोष असला तरी 'स्वार चुकीच्या बाजूने पुढे जात होता' हे विमा कंपनीच्या वकिलाचे पहिले वाक्य असते.

दोष कसा वाटला जातो

उसाचे बिल निघते तेव्हा एकूण रक्कम आधी लिहितात आणि मग सोसायटीची कपात, अमुक कपात, तमुक कपात असे करून हातात पैसे येतात. अपघाताच्या दाव्याचेही तसेच आहे. आधी एकूण भरपाई ठरते. मग अपघात घडण्यात जखमी माणसाचा स्वतःचा दोष किती, हे न्यायाधिकरण ठरवते आणि तेवढे टक्के कापते. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात.

याचा एक जुळा भाऊ आहे, त्याच्याशी गल्लत होऊ देऊ नये. दोन परक्या वाहनांच्या चुकीने तिसऱ्यालाच इजा झाली, तर तो संयुक्त निष्काळजीपणा होतो. तिथे जखमी माणसाचे काहीच कापले जात नाही. तो दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. मोटारसायकलवर मागे बसलेल्याला हे फार उपयोगी पडते. गाडी चालवणाऱ्याचा दोष मागे बसणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारीतल्या प्रवाशांच्या बाबतीत हेच सांगितले. ते प्रकरण रस्त्यात सोडून दिलेल्या ट्रेलरवर मोटार आदळल्याचे होते.

न्यायालयाने काय ठरवले

नियम कागदावर एक आणि निकालात एक असे होऊ नये, म्हणून काही निकाल थोडक्यात देतो.

कोइमतूरला जानेवारी २०१७ मध्ये एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता. पुढच्या मोटारीने महामार्गावर इशारा न देता एकाएकी ब्रेक मारला. मुलगा मागून आदळून पडला आणि मागची बस त्याच्या पायावरून गेली. डावा पाय गेला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी दोष असा वाटला: मोटार ५० टक्के, बस ३० टक्के, मुलगा २० टक्के. मुलाकडे २० टक्के का आले? पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर ठेवले नाही आणि वैध लायसन नव्हते म्हणून. एकूण भरपाई सुमारे १ कोटी १४ लाख धरली होती, ती सुमारे ९१ लाखांवर आली. म्हणजे अंतर आणि लायसन या दोन गोष्टींची किंमत जवळजवळ २३ लाख रुपये झाली.

आता २०१८ सालचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात चालत्या ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवरून मोटार चालली होती. ट्रकने ब्रेक लावला आणि मोटार आदळली. न्यायालय म्हणाले, अंतर ठेवणे हे मागच्याचे काम होते. दावा फेटाळला गेला. दुसऱ्यात गॅसचा टँकर रात्री रस्त्यात उभा होता, दिवा नाही, इशारा नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या झोताने डोळे दिपले आणि मोटार टँकरवर गेली. उच्च न्यायालयाने निम्मा दोष मोटारवाल्यावर टाकला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकला. दोन्ही ठिकाणी मागून धडक. फरक एवढाच की एक वाहन चालते होते आणि दुसरे बिनदिव्याचे उभे होते. उसाची बिनदिव्याची ट्रॉली रात्री रस्त्यात उभी असेल तर हा दुसरा निकाल जखमीच्या कामी येतो.

काही बाबतीत विमा कंपनी उगीच कपात मागते, तेही ठाऊक असावे. मोटारसायकलवर तिघे बसणे कलम १२८ प्रमाणे गुन्हा आहेच. पण मागून मोटारीने ठोकर दिली असताना केवळ तिघे होते म्हणून भरपाई कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते, असा निकाल २०२० साली झाला. लायसन नसण्याबद्दलही २००८ आणि २०१८ चे निकाल असे आहेत की नुसते लायसन नव्हते एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. कोइमतूरच्या प्रकरणात मात्र अंतराच्या चुकीबरोबर तेही मुलाच्या विरुद्ध गेले. हेल्मेट नसल्यामुळे अपघात घडत नाही हे खरे, पण डोक्याची इजा असेल तर कंपनी त्यावरून वाद घातल्याशिवाय राहत नाही. आणि दावा बाजूला ठेवला तरी डोके एकच आहे.

हिशेब कसा होतो

समजा ३८ वर्षांचा एक सभासद आहे. शेती आणि दूध मिळून त्याची कमाई महिना १५,००० रुपये धरली गेली. पायाला कायमचे अपंगत्व आले आणि त्याच्या कामाची ताकद ३० टक्क्यांनी कमी झाली असे ठरले.

वर्षाची कमाई १,८०,०००. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे (हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने ठरले). झाले २,५२,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ७५,६००. आता वयाप्रमाणे गुणक. २००९ च्या निकालातल्या तक्त्यात ३६ ते ४० वयाला १५ आहे. ७५,६०० गुणिले १५ म्हणजे ११,३४,००० रुपये. औषधोपचार, वेदना, मदतनीस वगैरे त्यावर निराळे.

यात २० टक्के दोष स्वाराचा धरला तर २,२६,८०० गेले. निम्मा धरला तर ५,६७,००० गेले. डावीकडून घुसून वाचवलेली दोन मिनिटे अशी महाग पडतात.

दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अपंगत्वाच्या दाखल्यावरचा आकडा आणि कमाईतली घट हे एकच नव्हे. बैठे काम करणाऱ्याचा पाय आणि पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याचा पाय यांत फरक आहे, हे न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. म्हणून आपण नेमके काय काम करत होतो आणि आता काय करता येत नाही, हे साक्षीत तपशिलाने सांगावे. दुसरे, शेतकरी दगावला तर कंपनी म्हणते की जमीन घरातच आहे, मग नुकसान कसले? न्यायालयेही जमीन वारसांकडे राहते हे धरतात आणि मुख्यतः देखरेख व कष्ट यांचे नुकसान मोजतात. तेव्हा सात-बारा, ऊस बिले, डेअरीची बिले, सोसायटीचा उतारा हे कागद सांभाळून ठेवावेत. कमाईचा पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरते आणि तो अंदाज बहुधा कमीच असतो.

स्वतःच पडलो तर? दुसऱ्याची गाडी असेल तर?

कलम १६६ चा दावा दुसऱ्याच्या चुकीबद्दल असतो. आपल्याच चुकीने घसरून पडलो तर तो चालत नाही. मित्राची मोटारसायकल मागून नेली आणि आपल्याच चुकीने अपघात केला, तर आपण मालकाच्या जागी उभे राहतो, 'तिसरा माणूस' राहत नाही. २००९ च्या एका निकालात कर्नाटकातला एक माणूस उसनी मोटारसायकल घेऊन पुढे थांबलेल्या बैलगाडीवर आदळून गेला होता, तिथे सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व सांगितले. म्हणून मालकाने स्वतःसाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात विमा संरक्षण घेतलेले असावे, आणि ते लागू पडायला वैध लायसन हवे. मागे बसणाऱ्यासाठी नुसती थर्ड पार्टी पॉलिसी अपुरी पडण्याचा धोका असतो. पॅकेज पॉलिसीत तो माणूस धरलेला असतो. हप्ता भरताना एजंटाला हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.

अपघात झाल्यावर

पहिले काम दवाखाना. १०८ ला फोन करावा. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे, तीत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत नेमलेल्या दवाखान्यात रोख न भरता उपचार मिळतात. जखमीला उचलणाऱ्याला कोर्टकचेरीची भीती असते, तिचे कारण उरलेले नाही. कलम १३४-अ त्याला संरक्षण देते.

दुसरे, जागेचे फोटो. कोणती गाडी कोणत्या बाजूला, पांढरी पट्टी कुठे, टायर घासल्याच्या खुणा कुठे, ट्रॉलीच्या मागे रेडियम आणि दिवा होता की नाही. वाहने हलवण्याआधी मोबाईलवर एवढे टिपून ठेवणारा माणूस घरच्यांवर फार उपकार करतो.

तिसरे, फिर्याद आणि पंचनामा. पंचनाम्याची नक्कल घेऊन वाचावी. गाडी शेवटी जिथे पडली ती जागा म्हणजे धडकेची जागा नव्हे. वाहनांच्या अखेरच्या स्थितीवरून दोष ठरत नाही, असे २०१३ सालच्या निकालात आहे. पण पंचनाम्यात 'मोटारसायकल उजव्या बाजूस आढळली' एवढेच लिहिले गेले तर पुढे खुलासा करीत बसावे लागते.

चौथे, मुदत. जुनी मंडळी सांगतात की दावा केव्हाही करता येतो. १९९४ नंतर बरीच वर्षे ते खरे होते. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. पोलिसांनी तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे अहवाल पाठवायचा असतो आणि तो अर्ज म्हणून धरता येतो. तरी आपला अर्ज आपण करावा. अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, दोन्हीकडे तो चालतो.

पाचवे, सही करताना सावध. दोष कोणाचा हे न पाहता कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. स्वाराचा दोष मोठा असेल तर हा मार्ग बरा. पण त्या कलमाखालची रक्कम एकदा तडजोडीत स्वीकारली की मोठा दावा संपतो. ठोकर देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात. त्याचा अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत होतो.

'आपलाच माणूस आहे'

सर्वांत जास्त दावे इथे बुडतात. ट्रॉली गावातल्याच माणसाची असते, भावकीतली असते. रात्री पारावर बैठक होते, दहा-वीस हजार हातावर ठेवतात, स्टॅम्पपेपरवर 'तक्रार नाही' लिहून घेतात. सहा महिन्यांनी दुसरे ऑपरेशन निघते तेव्हा पैसेही नसतात आणि फिर्यादही नसते.

आम्ही सभासदांना स्पष्ट सांगू इच्छितो की फिर्याद म्हणजे वैर नव्हे. विमा चालू असेल आणि कागद नीट असतील, तर भरपाई विमा कंपनी देते. ट्रॉलीवाल्याच्या खिशातून ती जात नाही. कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला तो याचसाठी. आपण हप्ता भरतो तो शेजाऱ्याच्या घरावर असा प्रसंग आला तर उपयोगी पडावा म्हणून.

पण याची दुसरी बाजू वाहतूकदार सभासदांनी ऐकावी. विमा संपलेला, ट्रॉलीची नोंदणी नाही, ड्रायव्हरला लायसन नाही, शेतीकामापुरता विमा काढलेला ट्रॅक्टर भाड्याने दुसऱ्याचा ऊस ओढतो आहे, असे असेल तर कंपनी हात वर करण्याचा प्रयत्न करते. मग रक्कम मालकाकडून वसूल होण्याची पाळी येते आणि तेव्हा आपलाच माणूस आपल्याच माणसाच्या विरुद्ध उभा राहतो. म्हणून करार करण्याआधी कागद पुरे करावेत. दोन्ही ट्रॉल्यांना मागे दिवा आणि रेडियम लावावे. मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर लोंबू देऊ नयेत. टायर फुटला तर ट्रॉली डांबरी सोडून खाली घ्यावी, आणि चाकाला लावलेले दगड जाताना उचलावेत. ट्रॅक्टरवर टेप एवढ्या मोठ्याने लावू नये की मागच्याचा हॉर्न ऐकू येणार नाही.

मोटारसायकलवाल्यांना आमचे सांगणे थोडके आहे. ट्रॉलीच्या मागे अंतर ठेवावे, डावीकडून घुसू नये, फाट्यावर थांबून मगच वर चढावे, हेल्मेट आणि लायसन बरोबर असावे. रस्त्यावर आपण कोणत्या बाजूला होतो, हाच प्रश्न पुढे न्यायाधिकरणात विचारला जातो. त्याचे उत्तर रस्त्यावर असतानाच नीट देऊन ठेवावे.

हा लेख ज्यांना वाचता येत नाही त्यांना, आणि घरातल्या तरुण पोरांना, मोठ्याने वाचून दाखवावा ही विनंती. हंगाम सर्वांना सुखरूप जावो.